सोळा नंबर

“कप मिळाला का गं?”

डेट्रॉइटजवळच्या त्या घरी मी आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जायचे, आणि दारातच हा प्रश्न यायचा. काकांना १९९६ च्या शेवटी गाडीच्या अपघातात डोक्याला मार बसला. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) आधीचं लख्ख आठवतं, नंतरचं काही टिकत नाही. मी म्हणायचे, “मिळाला! ७ जून १९९७. फिलाडेल्फियाला मालिकेत ४-० धुतलं.” डेट्रॉइटच्या आइस हॉकी संघाने, रेड विंग्जनी, ४२ वर्षांनी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, ही बातमी त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी नव्याने कळायची.

पुढचा प्रश्नही ठरलेला. “आणि व्लादी?”

व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव, बचावपटू, सोळा नंबर. “जबरदस्त खेळला,” एवढं बोलून मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधायला घ्यायचे.

खुर्चीतून उठायला पायांत ताकद लागते, असं सगळ्यांना वाटतं. खरी गोम पुढे झुकण्यात असते. नाक पायाच्या अंगठ्यापुढे आलं नाही, तर पैलवानसुद्धा मागे आपटेल. एक-दोन-तीन मोजून काका ढिम्म हलायचे नाहीत. मग मी रेड विंग्जच्या पाच रशियन खेळाडूंची ती पंचकडी आकड्यांच्या जागी लावली. फेतिसोव: पुढे सरका. कॉन्स्टँटिनोव: पाय मागे. लॅरिओनोव: वाका. फेडोरोव: उठा. कोझलोव: थांबा. महिनाभरात काका एका माणसाच्या आधाराने उभे राहू लागले. मीटिंगमध्ये कौतुकाने सांगितलं, तर साहेबीण म्हणाली, “बिल कुठल्या कोडखाली लावायचं?”

दम खाताना काका मला हॉकी शिकवायचे. व्लादी म्हणजे रशियातल्या मुर्मान्स्कचा पोरगा, १९८९ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) २२१ वा, म्हणजे जवळजवळ उरलासुरला. मॉस्कोच्या लष्करी संघाचा कॅप्टन. १९९५-९६ च्या हंगामात त्याचा प्लस-मायनस +६०, लीगमध्ये सगळ्यात वर. म्हणजे तो बर्फावर असताना आपण किती गोल जास्त मारले, याचा हिशेब. “बचाववाल्याचे गोल मोजायचे नसतात,” काका बजावायचे. बाकीचं मी घरी वाचलं. सैन्यातून सुटायला त्याने डॉक्टरांकडून कॅन्सरचं खोटं निदान मिळवलं होतं म्हणे.

२०२१ च्या जुलैत मिशिगनच्या नव्या वाहनविमा कायद्याने घरच्या देखभालीचे दर निम्म्याच्या आसपास आणले. जाणती माणसं नोकऱ्या सोडून गेली. पुढे कोर्टाने कायद्याआधीच्या अपघातांतल्या जखमींना यातून वगळलं, पण गेलेली माणसं थोडीच परत येतात! ही झळ खुद्द कॉन्स्टँटिनोवच्या घरालाही लागली होती. काकांकडे दर दोन महिन्यांनी नवा चेहरा.

त्या मंगळवारी असाच एक पोरगा होता, मनाने चांगला. काकांना हॉकी आवडते म्हणून त्याने फोनवर व्हिडिओ लावला होता. जून १९९८, वॉशिंग्टन, रेड विंग्जनी पुन्हा कप जिंकला ती रात्र. व्हीलचेअरवर सोळा नंबर, मांडीवर कप, मागून फेतिसोव आणि लॅरिओनोव खुर्ची ढकलतायत.

“काय झालं याला?”

पोराने सांगून टाकलं. ९७ चा कप जिंकल्यावर सहाच दिवसांनी लिमोझिन झाडावर आदळली. कॉन्स्टँटिनोव आणि संघाचा मसाजवाला म्नात्साकानोव, दोघांच्या मेंदूला इजा. फेतिसोव त्याच गाडीत होता, तो त्यातल्या त्यात वाचला.

काका रडले नाहीत. खाली वाकून त्यांनी आधी स्वतःच्या खुर्चीचा उजवा ब्रेक चाचपला, मग डावा.

“बर्फ आहे तिथे. त्याचे ब्रेक लावलेत का बघ.”

त्या दिवशी ते उठले नाहीत. मी नोंदीत ‘रुग्णाचा नकार’ लिहिलं. मी इतके महिने गप्प होते ती दया होती, की पंचेचाळीस मिनिटांत व्यायाम उरकायची सोय, हे तिथे लिहायला जागा नव्हती.

शुक्रवारी त्यांनी त्या पोराला पुन्हा नाव विचारलं, म्हणजे सगळं पुसलं गेलं होतं. पण कपाचं विचारलं नाही. मी वाट बघितली, मग मोजायला लागले. “फेतिसोव,” काका पुढे सरकले. “कॉन्स्टँटिनोव,” मी म्हटलं.

पाय जागचे हलले नाहीत. हात ब्रेककडे गेला.

तेव्हापासून मी चारच नावं घेते. “पाय मागे” एवढं नुसतंच सांगते.