बुलेट काठमांडूत, आई कोल्हापुरात

२९ नोव्हेंबर २०२३, बुधवार. काठमांडूच्या थमेल भागात मोमो खात बसलो होतो आणि वहिनीचा फोन आला. आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलंय, एक-दोन दिवसांत ऑपरेशन. खाली अंगणात माझी एमएच ०९ ची बुलेट उभी, आणि मी घरापासून जवळपास दोन हजार किलोमीटर लांब.

अशा वेळी काय करावं असं आज कुणी विचारलं तर मी सांगेन, जमत असेल तर गाडी आधी सीमेपार काढा. सीमेवरच्या सोनौलीहून गोरखपूर जेमतेम शंभर किलोमीटर, आणि तिथूनही मुंबईचं विमान मिळतं. गोरखपुरात ओळखीच्या लॉजवर गाडी दोन महिने उभी राहिली तरी कुठलं सरकार विचारायला येत नाही. पण त्या रात्री माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. शिवाय नारायणघाट-बुटवल रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं. येताना तिथं धूळ खाल्लेली, त्यामुळे पुन्हा त्या वाटेला जायची हिंमत होईना. म्हणून गाडी काठमांडूतच ठेवून विमानाने निघायचं ठरवलं.

नेपाळमध्ये आपल्या गाडीला कार्नेट, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात नेण्यासाठीचं कस्टमचं हमीपत्र, लागत नाही. सीमेवर भन्सार, म्हणजे कस्टमची पावती करायची, रोजाप्रमाणे पैसे भरायचे. वर्षाला एकूण ३० दिवस, त्यापुढं नाही. मी २१ नोव्हेंबरला शिरलो तेव्हा कंजूषपणा करून १२ दिवसांचीच पावती केली होती. म्हणजे मुदत २ डिसेंबरला संपणार, आणि तो शनिवार, नेपाळातला सुट्टीचा वार. त्यामुळे गुरुवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं आहे. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही. पावती, आरसी, लायसन्स, पासपोर्ट आणि प्रत्येकाची झेरॉक्स देऊन मुदत पूर्ण ३० दिवसांपर्यंत वाढवून घेतली. पहिल्याच दिवशी चार पैसे जास्त भरले असते तर ही सकाळ आईजवळ पोचायच्या धावपळीत गेली असती.

मागच्या सीटवरच्या मित्राची वेगळीच तऱ्हा. त्याला गाडी चालवता येत नाही, आणि खिशात फक्त आधार. भारत-नेपाळ विमानाला पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र लागतं. त्याचं मतदान कार्ड राजारामपुरीतल्या कपाटात. तो बसने सोनौली आणि पुढं रेल्वेने आला. रस्त्याने जाणार असलात तरी पासपोर्ट जवळ ठेवा. परतीचा रस्ता ऐन वेळी बदलतो.

गाडी गेस्टहाउसच्या अंगणात मेन स्टँडवर लावली. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत गंज धरत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. हँडल लॉक मुद्दाम केलं नाही, कारण अंगणातून गाडी हलवायची वेळ आली तर मालक माझ्या किल्लीची वाट बघत बसणार. ओडोमीटर, चेसिस नंबर आणि आधीच पडलेला पोचा यांचे फोटो काढले, एका कागदावर दोघांच्या सह्या केल्या. मालकांना मी दाजू म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, आधी आईला बघा.

विमानतळावर गाडीचा विषयच निघाला नाही. भारतीयाला नेपाळात व्हिसा नाही, रस्त्याने आलेल्याला शिक्काही नाही, त्यामुळे पासपोर्टात गाडीची खूण नव्हती. विमानात बसल्यावर आठवलं की गाडीच्या विम्यात नेपाळचा भाग वाढवूनच घेतला नव्हता. आपल्या पॉलिसीत भौगोलिक विस्ताराचं कलम मिळतं, त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश येतात. निघण्यापूर्वी विचारून घ्या. मी इतके दिवस देवाच्या भरवशावर होतो.

मुंबईहून महालक्ष्मी पकडून सकाळी घरी. ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने आई वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली आणि थोरल्या दादाने पावती मागितली. मुदतीची तारीख विक्रम संवतातली, पौष ४. दादाने भिंतीवरचं कालनिर्णय उघडलं आणि म्हणाला, "पौष तर जानेवारीत लागतोय. महिनाभर घाई नाही तुला." देवनागरी आकडे, ओळखीचा महिना, मलाही क्षणभर हायसं वाटलं. पण ३० दिवसांचा हिशोब काही जुळेना. दाजूंना फोन लावला. ते हसले आणि म्हणाले, पौष ४ म्हणजे २० डिसेंबर! नेपाळचे महिने सूर्याचे, संक्रांतीला बदलतात. आपले चंद्राचे, अमावास्येला संपतात. नाव तेच, पण त्यांचा पौष १७ डिसेंबरला लागणार होता आणि आपला १२ जानेवारीला. पावती हातात पडली की तिथंच अधिकाऱ्याकडून इंग्रजी तारीख विचारून पेनाने शेजारी लिहा.

१६ डिसेंबरला काठमांडू गाठलं. वायर जोडली, तिसऱ्या किकला बुलेट सुरू. (जुनी क्लासिक आहे, किक असलेली. नव्या गाड्यांवर बोलणार नाही.) तराईत उतरल्यावर धुकं असं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसेपर्यंत ट्रक नाकासमोर. बुटवलला मुक्काम टाकला, रात्री चालवली नाही. १८ तारखेला, दोन दिवस हातात ठेवून सोनौलीला पोचलो.

कार्नेटवर लांबच्या देशांत जाणाऱ्यांनी माझ्या अनुभवावर विसंबू नये. कार्नेट वर्षभराचं असलं तरी त्या देशाचं कस्टम गाडीला किती दिवस देतं ते वेगळं, आणि बऱ्याचदा कमी. काही देशांत गाडी पासपोर्टात नोंदवतात, मग गाडीशिवाय माणसाला विमानतळावर अडवू शकतात. तिकीट काढण्याआधी कस्टमकडून लेखी परवानगी घ्या. आणि बाहेर पडल्याचा शिक्का कार्नेटच्या पानावर नसेल तर कार्नेटसाठी भरलेली ठेव अडकते.

सोनौलीला फाटक उघडंच असतं, गर्दीतून गाडी सरळ निघून येते, कुणी थांबवत नाही. तरी थांबा. मी भन्सारच्या खिडकीवर जाऊन गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घेतली आणि शिक्क्याचा फोटो काढला, नाहीतर पुढच्या वेळी दिवस मोजताना वाद. गोरखपूरला बुलेट रेल्वे पार्सलला टाकायची होती. पार्सलवाल्याने पहिलं काम केलं ते टाकी रिकामी करायला सांगायचं, आणि मी नेमकं सकाळीच पुन्हा फुल्ल केलं होतं.