काळी चारचा तंबोरा आणि गोव्याची गिटार

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला बसवून ठेवावं लागतं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, काढायची तर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस मारायची, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. घाई केली की तार एक तर बुजते, नाहीतर खरखरते. आणि काम झालं तरी वाद्य असंच हातात देत नाही. गाणाऱ्यानं आपल्या पट्टीत गाऊन बघायचं, मगच न्यायचं, ही अब्बांची रीत. त्यामुळे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ओळखपाळख नसलेली माणसं एकमेकांसमोर गातात. लाजतात, खाकरतात, पण गातात. यातून कुणाला तबलजी मिळाला, कुणाला पेटीवाला. लोक त्याला योगायोग म्हणतात. मला विचाराल तर निम्मं श्रेय त्या बसून राहण्याचं.

मिरज जंक्शनही त्याला हातभार लावतं. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगाव-हुबळीची, पंढरपूरची, सगळ्या बाजूंची गाडी इथं येते. उरुसाच्या दिवसांत तर विचारूच नका. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. 1937 साली ते गेले, आणि तेव्हापासून त्यांच्या स्मरणार्थ गाणारे-वाजवणारे मीरासाहेब दर्ग्यात हजेरी लावायला येतात. येताना दुखरी वाद्यं बरोबर आणतात. आम्हाला जेवायला सवड नसते.

अशाच एका उरुसाच्या आधी जमखंडीच्या एक संगीत शिक्षिका आल्या होत्या. तंबोरा त्यांच्या गुरूंचा, जुना, आमच्याच गल्लीत बनलेला. घोडीवर तारांच्या खाचा पडल्या होत्या, जवारी पार बंद. मी तारा उतरवून कानस हातात घेतली तोच दारात एक पोरगा उभा. पाठीवर गिटार.

"चाचा, तुमच्याकडे हाड मिळतं म्हणाले."

गडी मडगावचा. गोवा एक्स्प्रेसनं मिरजेला उतरून कोल्हापूरला एका लग्नात वाजवायला निघालेला. इथून पुढची गाडी चुकली होती आणि वर गिटारचा नट तडकलेला. गळ्याच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात ती, आम्ही तिला अटी म्हणतो. त्याची प्लास्टिकची होती. जाड तारेच्या खाचेपाशीच चीर गेली होती, तार वाजवली की नुसती थडथड. मिरजेत गिटारचं सामान कुठं शोधणार? स्टेशनबाहेर कुणीतरी सांगितलं, सतारवाल्यांकडे जा.

उंटाच्या हाडाचे तुकडे आमच्याकडे घोडीसाठी असतातच. एक निवडला, तुटक्या नटावरून माप घेतलं. खरं काम खाचांचं. सहा तारा, सहा जाड्या. खाच उथळ राहिली तर तार उंच राहून बोटं दुखतात, खोल गेली तर पडद्याला घासते. बारीक कानशीनं एकेक खाच करत गेलो. मधूनमधून तंबोऱ्याकडे वळायचं, कारण ताई आधी आलेल्या.

पोरगा बोलका होता. अब्बांना त्यानं बीटल्सची गोष्ट सांगितली. 6 जुलै 1957 ला लिव्हरपूलच्या वूल्टन भागात चर्चची जत्रा होती, तिथं जॉन लेनन वाजवत होता. एका सामाईक मित्रानं पॉल मॅकार्टनीला त्याच्याशी भेटवलं. लेननची गिटार बँजोसारखी लावलेली असायची, ती पॉलनं गिटारच्या रीतीनं लावून दाखवली. अब्बांनी कधी बीटल्स ऐकले नसावेत. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तिथंही तार लावण्यावरूनच ओळख झाली."

तंबोरा आधी तयार झाला. ताईंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी; पहिली तार पंचमात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सूत सरकवत सरकवत एका जागी आवाज उघडला. चारही तारा झाल्यावर म्हटलं, "ताई, गाऊन बघा."

त्यांनी पोराकडे पाहिलं, पदर सावरला आणि बसवेश्वरांचं एक वचन भूप रागात सुरू केलं. शाळेत शिकवणारीचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं. गंधारावर थांबल्या तेव्हा शेजारच्या दुकानातली कानसही थांबली.

तोवर गिटारवर तारा चढल्या होत्या. पोरानं चौथ्या पडद्यावर कॅपो, तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, म्हणजे उघडी तार काळी चारला आली, आणि हळूच वाजवायला लागला. मला राग आलाच. गाणाऱ्याला न विचारता साथ धरायची नसते. पण ताई थांबल्या नाहीत. आधी त्यानं भरगच्च कॉर्ड मारले, त्यात तंबोरा बुडाला. अब्बांनी बोटानंच खुणावलं, कमी कर. मग तो नुसत्या सा-प वर आला. थोड्या वेळानं धैवत, षड्ज, गंधार असे तीन स्वर एकत्र छेडले. गोऱ्या लोकांचा मायनर कॉर्ड, पण तिन्ही स्वर भूपातलेच. ताईंनी मान वळवून पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली, वेगळ्या वजनानं.

पोरगा खूश होऊन तिथंच घोटाळायला लागला. अब्बा ओरडले, "अरे, धैवतावर एवढा बसू नकोस, देशकार होईल!"

ताई हसल्या आणि गाणं मोडलं. मग देशकार म्हणजे काय, पाच स्वर तेच तरी राग दुसरा कसा, हे त्यांनी त्या पोराला माझ्याच पाटावर बसून समजावलं. भूप गंधारावर उभा राहतो, देशकार धैवतावर. त्याच्या मायनर कॉर्डचा पायाच धैवत, त्यामुळे कॉर्डची त्याची सवय नेमकी उलटं करत होती. पोरगा एकेक गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. मधल्या वेळात कोल्हापूरची आणखी एक गाडी गेली. लग्नवाल्यांचे फोन येत होते, तो "निघालो, निघालो" म्हणत होता. शेवटी वडापच्या जीपमध्ये कोंबून त्याला पाठवला.

फोन नंबर त्यांनी कधी घेतले, माझ्या लक्षात आलं नाही. पुढं धारवाडचा एक तबलावाला त्यांना मिळाला. आता तिघं मिळून वचनं आणि अभंग करतात. सुरुवातीची रेकॉर्डिंगं मला व्हॉट्सअॅपवर आली. गिटार संयमानं वाजवली होती, हे कबूल. पण तंबोरा? ऐकू येईल तर शपथ. फोन करून विचारलं तर पोरगा म्हणतो, "चाचा, एवढा मोठा भोपळा घेऊन फिरणार कसं? स्टेजवर मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप लावतो."

2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ज्यांची गाठ माझ्या दुकानात पडली ते ॲप लावतात! अब्बांना हे मी सांगितलंच नाही. ताईंना मात्र सुनावलं. त्यांनी लगेच प्रवासाला नेता येईल अशी लहान तंबोरी करायला सांगितली, काळी चारचीच. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांतला एक बेताचा बाजूला काढून ठेवलाय, तुणीचं लाकूडही आहे. आगाऊ रक्कम पोरगा देणार असं ठरलंय. ती अजून आलेली नाही.