मावशीचं आभा खातं उघडताना

आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदींसाठीचा सरकारी नंबर, काढायला आधार आणि ओटीपी एवढंच पुरतं, हे खरं. पण ओटीपी यायला आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा लागतो, आणि मावशीचं ते सिम केव्हाच बंद पडलेलं. म्हणून आधी आधार केंद्र गाठलं. तिथे नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत, पण माणूस स्वतः हजर हवा आणि त्याचं बोट उमटायला हवं. आयुष्यभर बांधकामावर सिमेंटची घमेली उचललेल्या बाईच्या बोटांवर रेघा कुठून राहणार? यंत्र एकही बोट घेईना. शेवटी डोळ्यांवर काम भागलं.

नवा नंबर जोडला गेल्यावर १४ अंकी आभा लगेच निघाला. "मग मिळणार का ते पाच लाख?" मावशीने विचारलं. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. आभा म्हणजे आपल्या तपासण्या-औषधांची नुसती वही, आणि तीही ऐच्छिक.

शिवाय ती सुरुवातीला कोरीच असते. आभा ज्याचा भाग आहे, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालं. त्यात नोंदी एका ठिकाणी गोळा होत नाहीत, ज्या त्या दवाखान्यातच राहतात. दवाखाना या योजनेत असेल आणि त्याने नोंद आभाला जोडली असेल, तरच ती आभाच्या ॲपमध्ये दिसते. मावशीचे डॉक्टर सगळे चिठ्ठीवर लिहून देणारे! मग जुन्या कागदांचे फोटो काढून मीच चढवले. पिशवीतला ईसीजी त्या गुळगुळीत कागदावरचा, अर्धा उडून गेलेला. असे कागद घरात असतील तर बाकी सगळं राहू द्या, आधी त्यांचे फोटो काढा.

मावशीकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे ॲप माझ्या मोबाइलवर. लॉगिन करायचं म्हटलं की तिला फोन करून ओटीपी विचारायचा. "बँकवाले सांगतात कुणाला देऊ नका, आणि तू सारखी मागतेस!" तिचं काय चुकलं? एखाद्या डॉक्टरांनी नोंदी मागितल्या तर ॲपवर विनंती येते. कोणत्या दाखवायच्या, किती मुदतीसाठी, हे रुग्णाने ठरवायचं, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. कागदावर उत्तम आहे हे. पण बटण दाबणार मी, आणि तिचे सगळे आजार माझ्या खिशात. फोटो काढताना तिने एक फाइल बाजूला सारली. "ही नको टाकूस." मी नाही टाकली.

कार्ड छापून घेतलं. त्यावरचा क्यूआर प्रत्येक दवाखान्यात चालेलच असं नाही, म्हणून लॅमिनेशनला देण्याआधी मागे पेनने लिहिलं: मधुमेह, बीपी, सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत. खाली माझा नंबर.