'प्रश्न' हे लेबल का काढलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टीममध्ये नवं आलेलं प्रत्येकजण विचारतं: गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, नवी रिपॉझिटरी (एका प्रोग्रॅमची जागा) उघडली की इश्यूंना, म्हणजे तक्रारी-शंकांच्या नोंदींना, लावायला 9 लेबलं आयती मिळतात, मग त्यातलं 'क्वेश्चन', म्हणजे 'प्रश्न', तुम्ही का उडवलंत? "आपल्याकडे तशी पद्धत आहे," म्हणून मी वेळ मारून नेते.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या, आपला मालाच्या नोंदींचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या एका टॉवेल कारखान्याच्या दिवाणजींनी विचारलं होतं, "मॅडम, जावकमध्ये 2 डझन 10 नग असतील तर 2.10 लिहायचं ना?" मी 'प्रश्न' लेबल लावलं, "हो, चालेल" लिहिलं आणि इश्यू बंद केला. रिलीजआधी, म्हणजे नवी आवृत्ती देण्याआधी, आम्ही फक्त 'बग'चा (प्रोग्रॅममधल्या चुकांचा) फिल्टर लावायचो. बंद झालेला प्रश्न त्यात येणार कुठून?

प्रोग्रॅमने 2.10 म्हणजे 2.1 डझन धरले. गुणिले 12, म्हणजे 25.2, नोंद झाली 25 ची. गाडीत चढले होते 34. अशा दर नोंदीमागे 9 टॉवेल कागदावर गोदामातच राहिले.

दिवाळीआधी मोजणीत माल कमी भरला. आळ आला गोदाम सांभाळणाऱ्या मामांवर. प्रिंटर जोडायला गेले होते म्हणून मी तिथेच होते. मामांनी कमरेची चावी सोडून टेबलावर ठेवली. "मोजा की परत. मी कुठं जातोय?" मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "सिस्टिममधला आकडा बरोबर आहे."

तपासून बघितलं नव्हतं. तरी म्हणाले.

आठ दिवसांनी दुसऱ्या कारखान्यातून तोच प्रश्न आला, तेव्हा उलगडा झाला. मालकांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मामांना बोलावणं धाडलं. मामा आले नाहीत. दुसरीकडे कामाला लागले होते.

लेबलाचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच ऐकवलंय. तेव्हा आम्ही तिघंच होतो, वर्गवारी केली नसती तर कामाखाली दबून गेलो असतो. तेव्हाच्या मला मी आजही यात चूक ठरवू शकत नाही. पण ती वर्गवारी मी वाक्याच्या शेवटचं प्रश्नचिन्ह बघून केली होती, 2.10 टाकून बघून नाही. पुढे डझन आणि नग असे दोन रकाने केले. ते काम तासाभराचं निघालं.

आता आधी करून बघायचं, मग लेबल. त्यामुळे बिनलेबलाचे इश्यू साठतात आणि तुम्ही वैतागता, ते खरंच आहे. 'तपासणी बाकी' असं लेबल हवं म्हणताय, तर लावा. महिनाभरात त्याचंही 'प्रश्न'सारखंच होईल, अशी मला धास्ती आहे.