झाकलेलं ताट

मालिकेत मी सहायक दिग्दर्शक. म्हणजे कोण कधी आलं, कालच्या सीनला कुठली साडी होती, याचा हिशेब ठेवणारा. जुलैतला दिवस, गोरेगावच्या चित्रनगरीत सेट, आणि मालिकेतले सासरे ठाण्याहून निघून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पावसात अडकलेले. नेमका त्यांचा आणि मुलाचा घराच्या कागदपत्रांवरून कडाक्याच्या भांडणाचा सीन. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, रिकामी. आज शूट होईल ते उद्या रात्री दिसणार.

संवाद लिहिणाऱ्या ताईंना फोन लावला. त्या डोंबिवलीला, घरी. मागे कुकरची शिट्टी.

"सासूबाई आल्यात ना? मग अर्धा तास द्या."

आलेल्या पानांत भांडणच नव्हतं. सासरे तणतणत बाहेर पडलेत. सासूबाई त्यांचं ताट वाढतात, मुलासमोर ठेवतात, वर दुसरं ताट झाकतात आणि एवढंच विचारतात, "जेवणाआधीची गोळी घेतली असेल ना रे त्यांनी?"

सासऱ्यांना मधुमेह आहे, हे कधीतरी एका चहाच्या सीनमध्ये दाखवून आम्ही सगळे विसरलो होतो. ताई नव्हत्या विसरल्या.

क्रिएटिव्हवाले हवालदिल. मालिका लोक पोळ्या लाटता लाटता ऐकतात, म्हणून तर आमची पात्रं एकमेकांना सारखी नावानं हाका मारतात, मनातलंही मोठ्यानं बोलतात. त्यात ही शांतता? ताई म्हणाल्या, "ताटं स्टीलची घ्या. झाकल्याचा आवाज आला की बाई लाटणं टाकून बाहेर येईल." टेबलावर काचेची क्रोकरी मांडलेली. ताटं शेवटी आमच्याच जेवणाच्या तंबूतून आणली.

एपिसोड गेला आणि सासूबाईंच्या फोनला उसंत मिळेना. "काय बोललात हो!" बोलल्या होत्या एक वाक्य. दिग्दर्शकाचीही पाठ थोपटली गेली. कथा, पटकथा, संवाद या पाटीतलं ताईंचं नाव नेहमीसारखं झर्रकन निघून गेलं. हे जुनंच दुखणं. १९८४ च्या 'हम लोग'मध्ये भागाच्या शेवटी येऊन बोलणारे अशोक कुमार लोकांना अजून आठवतात. ती मालिका लिहिणारे मनोहर श्याम जोशी किती जणांना ठाऊक आहेत, विचारून बघा.

शूटच्या दिवशी पॅकअपनंतर मी ताईंना 'कमाल!' असा मेसेज टाकला होता. लगेच फोन आला.

"ते राहू दे. सासरे उद्या येतायत का ते सांग. ताट झाकून ठेवलंय, उघडायला कुणीतरी हवं ना!"