सव्वीस नंबरच्या लेणीत कोलंबोची मंडळी

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांनाही सहलीमुळे हे पाठ असतं. कोलंबोहून यात्रा आखणाऱ्याला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यापायी बसभर श्रद्धाळू माणसं वेरूळ न बघता परत गेली. ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

परभणीहून मी आणि आत्याबाई निघालो होतो. पैठणचा दिवस उन्हातच गेला: नाथांचं दर्शन, नागघाट, जायकवाडीचं पाणी. मंगळवारी अजिंठा. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी ठेवून पुढच्या चार किलोमीटरसाठी बस घ्यावी लागते. त्या रांगेचा वैताग येतो खरा, पण लेण्यांच्या पायथ्याशी गाड्यांचा गोंगाट नसतो तो त्यामुळेच. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, तरी डोलीत बसायला तयार होईनात. पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीपुढे गर्दी इतकी की पुढचा माणूस मान हलवेल तेवढंच चित्र दिसत होतं. सतरा नंबरही तसाच घाईत झाला.

सव्वीस नंबरला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सुमारे 7 मीटर लांब. बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले, खाली शोक करणारे शिष्य. त्यांच्यासमोर पांढऱ्या कपड्यांतल्या बायका-पुरुषांचा घोळका बसला होता, पुढे एक भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू. आम्ही खांबाआड थांबलो. भंतेंनी सुरू केलं, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स." आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"अगं माय, हे तर आपलीच वंदना म्हणू लागलेत!"

आणि त्यांनी चप्पल बाजूला सारून तिथेच बसकण मारली. बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि. चाल थोडी निराळी, शब्द तेच. वस्तीच्या विहारात आत्याबाई जे पन्नास वर्षं म्हणत आल्या, ते सिंहली बायकांच्या आवाजात मिसळत गेलं. त्या कमानदार छताखाली आवाज असा घुमतो की कुणाचा कुठला ते कळत नाही. पंचशील झाल्यावर सगळे एका सुरात "साधु, साधु, साधु" म्हणाले. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं आणि आत्याबाईंचे हात हातात घेतले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मला रडू आलं.

खाली उतरल्यावर झाडाखाली डबे उघडले. आमच्याकडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. त्या बाईंनी दोन धपाटे खाल्ले आणि आत्याबाईंच्या मनगटावर पिरिताचा, म्हणजे रक्षणासाठी सुत्तं म्हणून मंतरलेला, पांढरा दोरा तीन गाठी मारून बांधला. भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत आणि दुपार उलटून गेली होती, म्हणून भंतेंनी फक्त कोरा चहा घेतला. ते सारनाथला शिकलेले, हिंदी चांगली. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, सांची करून मंडळी जळगावला उतरली ती सोमवारी, म्हणजे अजिंठा बंद. आज अजिंठा झाला तर वेरूळ बंद. बुधवारी पहाटे परतीची गाडी.

मी पैठणचं नाव काढलं तेव्हा ते एकदम सावरून बसले. "पतिट्ठान?" म्हणाले, आणि पाठ म्हणू लागले: पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, सावत्थी, कपिलवत्थु, कुसिनारा, वेसाली. गोदावरीकाठच्या बावरी ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धांना भेटायला ज्या वाटेने मगधाला गेले, ती वाट सुत्तनिपात या पाली ग्रंथात अशी नावानिशी दिली आहे; पतिट्ठान म्हणजे आपलं पैठण. भंतेंना ती लहानपणापासून पाठ. पण ते पतिट्ठान इथून तीन-चार तासांवर आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथे जायला आता वेळ नव्हता.

मला राग येतो तो इथेच. बिमस्टेक ही बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना 1997 साली झाली. श्रीलंका, थायलंड, म्यानमार, नेपाळ, भूतान सगळे त्यात. 2000 साली लाओसमध्ये व्हिएन्टिनला भारत आणि मेकाँगकाठच्या देशांचं मेकाँग-गंगा सहकार्य ठरलं, त्यात पर्यटन हा पहिल्या विषयांपैकी एक. बौद्ध यात्रेच्या रेल्वेगाड्या प्रवाशांना सीमेपलीकडे लुंबिनीलाही नेऊन आणतात. म्हणजे दोन देशांत मेळ बसतो. मग मराठवाड्याच्या दोन लेण्यांच्या सुट्ट्या यात्रा आखणाऱ्यापर्यंत का पोचू नयेत? जपानच्या कर्जातून 1992 पासून अजिंठा-वेरूळचा प्रकल्प झाला. रस्ते, विमानतळ, पाणी, झाडं, सगळ्याला पैसा लागला आणि त्याचा उपयोगही झाला. माणसांची साखळी मात्र बांधली गेली नाही.

ती साखळी कशी असते ते भंतेंनीच सांगितलं. लंकेचे बौद्ध सुधारक अनागारिक धर्मपाल यांनी 1891 मध्ये कोलंबोत महाबोधी सोसायटी काढली. तिच्या विश्रामगृहांमुळे सारनाथ, सांची, बोधगयेला लंकेच्या गरीब यात्रेकरूचीही सोय होते. तिथला भिक्खू गाडी सांगतो, वेळ सांगतो, कुठे काय बंद ते सांगतो. "फर्दापूरला आमचं कुणी नाही," ते म्हणाले. बाबासाहेब 1950 साली कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, 1956 च्या नोव्हेंबरात काठमांडूला. त्यांनी जोडलेलं नातं आमच्या वस्त्यांत रोज सकाळी वंदनेतून म्हटलं जातं. लंकेच्या यात्रेकरूला आपलं माणूस म्हणून उभं राहणारे मराठवाड्यात गावोगाव आहेत. त्यांना विचारलंच जात नाही.

घरी आल्यावर मी भंतेंना दोन्ही लेण्यांचे सुट्टीचे वार, जळगावहून अजिंठ्याच्या आणि संभाजीनगरहून पैठणच्या एसटीची माहिती आणि नागघाटाचे फोटो पाठवले. पुढच्या तुकडीसाठी त्यांनी पैठणचा एक दिवस वाढवला आहे. प्रश्न उरतो मुक्कामाचा: स्वच्छ, स्वस्त, आणि सकाळी अकराच्या आत भंतेंचं जेवण होईल असा. पैठण किंवा फर्दापूरजवळ कुणाचं विहार, धर्मशाळा, मोठं घर असेल तर मला कळवा. स्वयंपाकाला आत्याबाई येणार आहेत, धपाट्याचं पीठ घेऊन.