तुम्ही विचारलंत म्हणून: स्कोप (रायफलवरची दुर्बीण) सरळ बसवलाय, तरी छर्रा उजवीकडंच का जातो?

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम) ब्राँझ मारलं, आणि तेव्हापासून माझ्या उद्यमनगरातल्या लेथच्या दुकानात जॉब कमी आणि एअर रायफलवालेच जास्त येतात असं बायकोचं म्हणणं आहे. एवढं काही नाही, पण आठवड्याला एखादा येतोच. आणि प्रश्न ठरलेला. "काका, स्कोप लेव्हल लावून बसवलाय, १० मीटरला बरोबर बसतंय, लांब गेलं की उजवीकडं पळतंय. स्कोप बाद झाला काय?"

स्कोप बहुतेक वेळा ठणठणीत असतो. रायफल कललेली असते आणि धरणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. या कलण्याला नेमबाज कँट म्हणतात.

आता बघा, छर्रा नळीतून सुटला की त्याच क्षणापासून खाली पडायला लागतो, म्हणून नळी नजरेच्या रेषेच्या मानानं किंचित वर रोखलेली ठेवावी लागते, झिरो करताना, म्हणजे नेम आणि मार एका जागी आणताना, स्कोपवरचं फिरवायचं बटण (टरेट) क्लिक क्लिक फिरवतो ते त्यासाठीच. रायफल उजवीकडं कलली की ही दिलेली उचल पण सोबत उजवीकडं कलते. पडणं मात्र सरळ खालीच, विहिरीत पोहरा सोडल्यासारखं. मग छर्रा उजवीकडं जाणार नाही तर कुठं जाणार?

किती जाणार ते घड्याळावर सांगतो. मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. बारावरून एक मिनिट पुढं, एवढीच रायफल कलली तर शेजारी उभा असलेल्याला पण कळत नाही. पॉइंट टू-टूची (०.२२ इंची) गोळी ५० मीटरला पोचेपर्यंत साधारण १२ सेंटीमीटर पडते, तिला हे ६ अंश सव्वा सेंटीमीटर बाजूला नेतात. ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलीमीटर व्यासाचं असतं, म्हणजे बरोबर मध्यावर धरलेला नेम गेला नवात. आणि १० मीटरला एअर रायफलचं पडणंच दोनेक सेंटीमीटर, त्यामुळं चूक जेमतेम दोन मिलीमीटरची, छर्राच साडेचार मिलीमीटर जाडीचा, कुठं कळणार! वर आपण ती दोन मिलीमीटर पण क्लिक मारून लपवून टाकतो, आणि तीच लांब गेल्यावर वाढून समोर येते.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, मी स्वतः लई दिवस यात घालवलेत. भाच्याची रायफल होती. मी दहा मायक्रॉनच्या बाता मारणारा माणूस, रायफल व्हाइसमध्ये धरली, टरेटच्या टोपीवर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा मधे आणला, स्क्रू आवळले, झालं. मग शेतात मातीच्या मोठ्या ढिगापुढं २५ मीटरवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवून दोन रविवार छर्रे उडवले. प्रत्येक ग्रुप (एका ठिकाणी बसलेले छर्रे) उजवीकडं. तिसऱ्या रविवारी कंपाउंडच्या कामाला आलेले गवंडी मामा बिडी ओढत मागं उभे होते, ते म्हणाले, "मालक, तुमचं खोकंच वाकडं हाय की." बांधाच्या उतारावर ठेवलेलं खोकं, त्यावर मी हातानं चिकटवलेला कागद, आणि मी स्कोपची उभी रेघ इमानदारीनं त्या खोक्याच्या कडेला जुळवून धरत होतो. डोळा असाच फसतो, समोर जी कड दिसेल तिलाच तो सरळ समजतो. मामांनी पिशवीतनं ओळंबा काढला आणि खोक्याच्या शेजारी टांगला. माझ्या रेघेत आणि दोरीत चांगलाच फरक होता.

टोपीची चूक तर अजून वेगळी. टोपीचा वरचा भाग आतल्या क्रॉसहेअरशी (नेमाच्या आडव्या-उभ्या रेघांशी) काटकोनात असेलच याची काही गॅरंटी नसते. म्हणून आता मी लेव्हल ठेवतो ती स्कोप उतरवून, रायफलच्या वरच्या सपाट पट्टीवर जिथं माउंट (स्कोप धरणारी पकड) बसतो तिथं. रायफल तशीच घट्ट धरून ठेवायची, स्कोप माउंटच्या रिंगांमध्ये सैल ठेवायचा, आणि पंधरा-वीस मीटरवर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीवर उभी रेघ तंतोतंत येईपर्यंत हातानं फिरवायचा. वारं असेल तर ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, डुलत नाही. मग स्क्रू. इथंच सगळे घाई करतात. एका बाजूचे स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरीकडं गेलात तर आवळता आवळता स्कोप फिरतो, म्हणून इकडं पाव फेरा, तिकडं पाव फेरा, आणि मधे मधे दोरीकडं बघत राहायचं.

पट्टी सपाट नसेल तर आरसा. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, मग आरशासमोर उभं राहून स्कोप सगळ्यात कमी पॉवरला ठेवा आणि आरशातल्या स्वतःच्या स्कोपच्या भिंगावर क्रॉस धरा. उभी रेघ खाली नळीच्या तोंडातून गेली पाहिजे. घरात सांगून करा, आमच्यात यावरनं एकदा आरडाओरडा झालाय.

एवढं करून स्कोप रायफलला सरळ झाला. पण रायफल धरणारे तुम्ही. बट (रायफलचा मागचा भाग) खांद्यात नीट बसला नाही किंवा गाल लाकडावर पोचत नसला की माणूस डोळ्यासाठी रायफलच ओढून वाकडी करतो. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा आणि बघा रेघ दोरीवर आहे का. नसेल तर मनगटानं पिळून सरळ करू नका, पुढच्या शॉटला ती परत तिथंच जाणार. चीक पीस (गाल टेकायची पट्टी) वर करा, बट हलवा. स्कोपवर लावायची बुडबुड्याची लेव्हल मिळते, ती घ्या, पण ती पण ओळंब्यावर बघूनच आवळा.

आणि एक, ऑलिंपिकच्या रायफलीवर दुर्बीण नसते, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) असते, आणि टीव्हीवर नीट बघितलंत तर बरेच मोठे नेमबाज रायफल मुद्दाम थोडी कलती धरतात, मान ताठ राहावी म्हणून. पोरं मला हे दाखवून वाद घालतात. अरे भावा, ते दर शॉटला तेवढेच कलतात आणि त्या कलण्यावरच त्यांनी साइट लावलेली असते. आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनमध्ये (पालथं पडून) ६०० पैकी ५९७ मारून वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली, म्हणजे ६० गोळ्यांमध्ये गेले फक्त तीन पॉइंट. तुझी रायफल पहिल्या शॉटला दोन अंश आणि पाचव्या शॉटला सात अंश कलते, त्याला कुठली साइट लावणार?

दुकानात ओळंबा कायम टांगलेला असतो, मामांचाच आहे, परत द्यायचा राहिलाय. येणार असाल तर रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये घालून आणा, आणि त्याआधी कुणाकडनं माउंटचे स्क्रू जोर लावून आवळून घेऊ नका, चेपलेली डोकी सोडवण्यात माझा अर्धा दिवस जातो.